चष्म्यासकट

निके, मधे बोलू नको. आधी नुसतं ऐक.

काल सकाळी येडशीला, रामलिंगच्या जंगलात गेले होते ना मी... आमच्या निसर्ग मंडळाला भारीतली दुर्बीण घ्यायचीय. भीमाशंकर सर फोनवर म्हणले, सोलापूरच्या दुकानातला माणूस तीन घेऊन येतोय, शुभांगी, तू डोळ्याला लावून बघ अन् एक ठरव. आणि मी गेले कशी? चष्मा पर्समध्ये ठेवून! पुण्याच्या त्या स्थळाला महादेवीआत्यानं ठासून सांगितलंय ना, पोरीला चष्मा न्हाय म्हणून. फोटोपण तसलाच पाठवला. तिकडून पसंती आली, साखरपुड्याची तारीख तेवढी काढायची राहिली. तोवर घराबाहेर चष्मा बंद. आत्याचा हुकूम.

तर पायऱ्यांपाशी सर उभे दिसले. माझ्या परीक्षेचा निकाल लागल्यावर पहिल्यांदाच भेटत होते, म्हणून सरळ वाकून पाया पडले.

सर टुणकन मागं सरले.

"अहो... अहो, मी मल्लेश. दुर्बिणीवाला."

मेले गं मी! सर तर पोरांना घेऊन कधीच धबधब्याकडं गेलेले. अन् हा सरांहून तीस वर्षांनी तरी लहान. बिचारा कानापर्यंत लाल... म्हणजे, असावा. मला कुठं दिसत होतं!

नुकतीच पावसाची सर येऊन गेली होती. पानापानातून टपटप चाललेली, मधेच ऊन यायचं अन् सगळं रान चमकायचं. त्यानं पहिली दुर्बीण दिली, दहापटीची. जड. धरली तर आतलं झाड लटलट हलायला लागलं. म्हणला, ती सगळं दहापट मोठं दाखवते, तसा आपला हातपण दहापट हलतो. दुसरी एवढीशी, हलकी, पण दाट झाडीत अंधारं दिसायचं.

मग एकदम हळू आवाजात म्हणला, समोरच्या करंजाच्या झाडावर बघा, पांढरा पक्षी. मला करंजच सापडेना. मी आपली आभाळात दुर्बीण फिरवतेय...

"नाकावर दोन खुणा आहेत तुमच्या," तो म्हणला. "चष्मा कुठंय?"

अन् निके, मी सगळं सांगून टाकलं गं. पुणं, आत्या, फोटो. अनोळखी माणसाला! तो हसला न्हाय. तिसरी दुर्बीण काढली, तिच्या डोळ्याकडच्या रबरी कडा फिरवून आत बसवत तोंडातल्या तोंडात मोजलं, "ओंदु... एरडु..." घरात कानडी बोलतात त्यांच्या.

"चष्मा लावा. ही आठपटीची. काचेपासून डोळा जरा लांब राहिला, तरी हिच्यात पूर्ण दिसतं."

आधी उजवा डोळा मिटायला लावला, मधलं चाक फिरवायला सांगितलं. मग डावा मिटायचा अन् उजवीकडची कडी फिरवायची. ती सापडेना, म्हणून त्यानं बोट ठेवून दाखवली... बोट लगेच काढलं न्हाय. मीपण न्हाय.

अन् दिसला! स्वर्गीय नर्तक. पांढऱ्या रिबिनीसारखी लांब शेपटी, फांदीवरून उतरताना मागं तरंगत येणारी. दुर्बीण खाली केली, वळले, तर तो शेजारीच... पहिल्यांदा नीट दिसला. त्याच्या पापणीवर पावसाचा एक थेंब होता गं. तेवढाच. मी बघतच राहिले.

तेवढ्यात आत्याचा व्हिडिओ कॉल. पुण्याच्या काकू, मुलाची आई, त्यापण लाइनवर, तारीख ठरवायला. मल्लेशनं पाठ फिरवली, पिशवी आवरायला लागला. माझा हात चष्म्याकडं गेला... अन् खाली आला. तशीच फोनमध्ये बघितलं.

काकूंनी विचारलं, वाचायचा आहे का चष्मा?

"न्हाय काकू. आठवीपासून आहे. कायम लागतो."

काकू म्हणल्या, मग आम्हाला तसं सांगायचं होतं. फोन बंद.

मल्लेश वळला. मग वही उघडून विचारलं, कुठली लिहू? आठपटीची, म्हणलं. लिहिलं त्यानं. पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं...

"मंगळवारी दुकान बंद असतं. गावाकडून, तामलवाडीहून आईला घेऊन तुमच्या घरी आलो, तर... चालंल?"

"पुण्याचा निरोप येऊ दे आधी," म्हणलं मी. तसंच म्हणायला पाहिजे होतं ना?

निरोप आला संध्याकाळी. नको म्हणले. आई रडली, आत्या अजून माझ्याशी बोलत न्हाय. अन् मी गच्चीत जाऊन, सरांकडून घेतलेल्या त्याच्या नंबरवर एवढंच लिहिलं, "या."

उद्या मंगळवार आहे, निके. ते दोघं निघतील अन् इथं घरात कुणाला पत्ता न्हाय. आईला आज सांगावं, तर ती आत्याला सांगणार. न सांगावं, तर दारात पाहुणे... हसतीस काय? माझ्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस गं?