समर्थचा मित्र

कुवेतच्या गिऱ्हाइकाला पत्र आलं आणि करुणा जाधव ताठ बसली. असं गिऱ्हाईक जगात नव्हतंच. तो ईमेल पत्ता तिनेच परवा तयार केला होता.

महेंद्र सुर्वेंचा रत्नागिरीत आमरसाचा कारखाना. वर्षभरात तीन गिऱ्हाइकं दुसऱ्या कारखानदाराने पळवली, म्हणून त्यांनी खासगी तपासासाठी करुणाला बोलावलं. तिने सापळा लावला. महेंद्रने मॅनेजर स्वरूपला ओमानचं गिऱ्हाईक सांगितलं, थोरल्या बहिणीला, कमलला, कुवेतचं. दोन्ही खोटी.

दुसऱ्या कारखानदाराचं पत्र कुवेतच्या पत्त्यावर आलं.

"ताई?" महेंद्र म्हणाला. "कारखाना तिने उभा केलाय हो."

कमल आंबे निवडत होती. करुणाने "मॅडम" म्हणताच हसली.

"ताई म्हण गो. माझा समर्थपण मामाचं ऐकून ताईच म्हणायचा. शेवटपर्यंत."

तिचा मुलगा समर्थ दोन वर्षांपूर्वी मुंबईत अपघातात गेला होता.

"ताई, कुवेतचं कुणाला सांगितलंत?"

"कोणाला नाय."

"फोनवर?"

"फोन दीपकचाच येतो, रोज दुपारी. समर्थचा मित्र. एका खोलीत राह्यचे."

"काय विचारतो?"

"जेवलात काय, गुडघा कसा आहे, माल कुठे चाललाय... आणि समर्थचं सांगतो. जेवताना रोज म्हणायचा म्हणे, माझ्या आईच्या सांदणांची सर कशाला नाय."

करुणाने तो नंबर उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने दोघा भावंडांना समोर बसवलं.

"हा दीपक खबरा विकणाऱ्या एका कंपनीचा नोकर आहे. समोरचा कुणाला माल देणार हे आधी कळलं की गिऱ्हाईक शोधायची मेहनत वाचते, म्हणून कारखानदार अशांना पैसे देतात. मलाही देतातच. समर्थच्या खोलीत दीपक नावाचं कुणी नव्हतं, मी चौकशी केली. मला शंका कालच आली. जो तुम्हाला जन्मभर ताई म्हणाला, तो मित्राजवळ आई कशाला म्हणेल? पेपरातल्या निधनाच्या बातमीत 'आई' छापलं होतं, तेवढंच त्याला ठाऊक."

महेंद्र पुढे झुकला. "ताई, फोन बंद करू नकोस. आता आपण त्याला खोटी नावं देऊ."

कमलने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"म्हणजे समर्थ तिकडे माझी आठवण काढायचा," ती करुणाला म्हणाली, "ते सगळं यानेच रचलेलं?"

"काढत असेलही, ताई."

"असेल नको सांगू गो. तुला शोधायचेच पैसे मिळतात ना?"

करुणाने समर्थच्या खोलीत खरोखर राहिलेल्या मुलाला फोन लावला.