सेल्फची दातखीळ

ती निळी गाडी बंद पडली ती बरोबर आमच्या दुकानासमोर. जरा पुढे जाऊन बंद पडली असती, तर टायरवाल्याच्या दारात गेली असती, आणि मी बसले असते आयुष्यभर तारा गुंडाळत. त्या गाडीचे माझ्यावर उपकार आहेत. हे मी थट्टेने म्हणत नाही.

पाऊस भुरभुरत होता. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि सगळे मिळून हॉर्न वाजवत होते. स्टिअरिंगवर एक तरुण, कानापर्यंत लाल झालेला. शेजारी त्याची आई, मांडीवर पर्स घेऊन अगदी निवांत.

आमचं दुकान डायनॅमो आणि सेल्फ दुरुस्तीचं. सेल्फ म्हणजे गाडीचा स्टार्टर, पण आमच्या धंद्यात त्याला स्टार्टर कुणी म्हणत नाही. दुकान मामाचं. त्याने मला सगळं काम शिकवलं आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर स्टुलावर बसून माझ्या चुका काढण्याचं काम तेवढं स्वतःकडे ठेवलं.

मी पान्हा घेऊन बाहेर आले.

"हेडलाइट लावा. आता किल्ली फिरवा."

टक! बस, एवढंच. आणि दिवे एकदम मंदावले.

"बॅटरी ठणठणीत आहे," मी म्हणाले. "करंट सेल्फपर्यंत जातोय, पण सेल्फला फिरता येत नाहीये. दातखीळ बसलीय त्याची."

तो हसायलाच लागला. हॉर्न, पाऊस, रांग, कशाचं काही नाही!

"दात काय काढताय? मागे बघा जरा!"

"सॉरी... पण माझं कामच आहे ते. दात काढणं." तो डोळे पुसत म्हणाला. "मी दातांचा डॉक्टर आहे."

माझा हात आपोआप तोंडावर गेला.

आता सांगूनच टाकते. माझा पुढचा दात अर्धा तुटलेला आहे. शिकाऊ होते तेव्हा पान्हा निसटला आणि थेट तोंडावर बसला. दुखायचं थांबलं तसं मीही ते विसरून गेले. मग मैत्रिणीच्या लग्नात फोटोग्राफर सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, तुम्ही तोंड मिटून हसा." तेव्हापासून हसू आलं की हात वर. तो दात नीट करून घ्यायचा सरळ विचार मनात आला नाही असं नाही, पण मी हट्टी आहे. त्या फोटोग्राफरच्या सांगण्यावरून? मुळीच नाही!

"काय करायचं मग?" डॉक्टरने विचारलं.

"सेल्फच्या टोकाला छोटं दातेरी चाक असतं. ते इंजिनाच्या मोठ्या चाकात दात अडकवतं, त्याला फिरवतं आणि मागे सरकतं. तुमच्या चाकाचे दात झिजलेत, म्हणून ते तिथेच रुतून बसलंय. किल्ली बंद करा, गाडी गिअरमध्ये टाका आणि खाली उतरा. मागे-पुढे झुलवू."

"मी उतरू का गं?" त्याच्या आईने विचारलं.

"नको काकू, बसा तुम्ही. तुमचं असं वजन ते कितीसं!"

"ऐकलंस?" काकू मुलाकडे वळल्या. "शिक जरा, बायकांशी कसं बोलतात ते."

आम्ही दोघांनी गाडी झुलवली. आतून 'खट्' असा आवाज आला आणि सेल्फ सुटला. पुढच्याच किल्लीला इंजिन सुरू झालं. काकूंनी खिडकीतून हात जोडले.

"हे तात्पुरतं आहे हं," मी बजावलं. "पुन्हा अडकणार. सेल्फ बदलावा लागेल."

"मग पुन्हा येतो," तो म्हणाला. जरा जास्तच आनंदाने म्हणाला.

त्या मॉडेलचा सेल्फ आता कुठे मिळतो! मामाने ओळखीपाळखीच्या सगळ्या जुन्या स्पेअरवाल्यांकडे निरोप धाडले. तोवर डॉक्टरच्या चकरा सुरू झाल्या. फोन करून विचारता आलं असतं... पण त्याच्या दवाखान्यातून घरी जायचा रस्ता म्हणे आमच्याच दुकानावरून जातो. मामा म्हणाला, "त्याचा दवाखाना पलीकडच्या अंगाला आहे ना?" मी म्हटलं, "तू चष्मा पूस."

एकदा मी दुसऱ्याच कुणाचा सेल्फ पान्ह्याच्या मागच्या बाजूने ठोकून बघत होते. आत करंट पोचवणारा कार्बन अडकला असेल तर एवढ्यानेही सुटतो. डॉक्टर शेजारी उभा राहून कान देऊन ऐकत होता.

"आम्हीही असंच टकटक करतो," तो म्हणाला. "दात ठोकायचा आणि विचारायचं, दुखतंय?"

"माझे पेशंट बरे. ओरडत तरी नाहीत."

"आणि परत परत येतातही."

"ते पेशंट नाही येत... त्यांचे मालक येतात."

तो बघत राहिला. मी तोंडावर हात ठेवून हसले, आणि हाताला काजळी होती हे विसरले. दिवसभर मिशा घेऊन फिरले. त्याने एका अक्षराने सांगितलं नाही मेल्याने!

शेवटी सेल्फ मिळाला. मी तो शिकंज्यात घट्ट आवळून थेट बॅटरीवर फिरवून पाहिला. झकास घुमला. डॉक्टर गाडी घेऊन आला तेव्हा बाहेर पावसाची झड लागली होती आणि मामा आत डुलक्या काढत होता.

बॉनेटपुरती गाडी पत्र्याखाली घेतली आणि आधी बॅटरीची वायर सोडली. मग सेल्फची जाड तार, मग दोन बोल्ट. खालचा बोल्ट जाम हट्टी, पण मी त्याच्याहून. जुना सेल्फ बाहेर आला. त्याच्या चाकाचे दात पार बोथट झाले होते.

"आता तिथे मागे मोठं चाक आहे," मी म्हणाले. "तेही बघून घेऊ. टॉर्च मारा."

तोवर मी नवा सेल्फ उचलून इंजिनाजवळ धरला होता, दोन्ही हातांनी. चांगलाच जड असतो तो. डॉक्टर टॉर्च घेऊन त्या भोकापाशी वाकला, डोळे बारीक केले आणि सवयीने म्हणाला,

"आ करा... अजून थोडं... शाब्बास."

इंजिनाला!

मला जे हसू फुटलं, ते आवरेचना. खदाखदा, खिदीखिदी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि हात? दोन्ही हातांत सेल्फ! सोडला तर त्याच्याच पायावर पडणार. मी तशीच हसत राहिले, तुटक्या दातासकट, त्याच्या अगदी तोंडासमोर.

तो माझ्याकडे बघत राहिला. टॉर्चचा उजेड कुठल्या कुठे भरकटला.

"बघू नका," मी म्हणाले.

 तो खाली बघून बोल्ट लावायला लागला.  बघितलाच त्याने दात. त्याचा तर धंदाच तो, माणसात आधी तेवढंच दिसणार त्याला...

सगळं घट्ट केलं. वायर लावली. त्याने किल्ली फिरवली, आणि नवा सेल्फ असा काही खणखणीत घुमला की मामा दचकून जागा झाला. इंजिन मऊ लयीत चालू लागलं. पहिल्यांदाच एखादी गाडी सुरू झाल्याचं मला वाईट वाटलं. आता हा कशाला येईल?

म्हणून मी हट्ट गिळला. बॉनेटवर हात ठेवून विचारलं, "डॉक्टर, माझा हा दात... तुम्ही बसवून द्याल?"

"नाही," तो म्हणाला.

एवढंच. मान हलवून, सरळ. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. हात पुसायला मी फडका शोधू लागले, खरं तर तोंड लपवायला.

"ऐकून तरी घ्या." तो गाडीतून उतरला, पावसातच. "दात बसवायला हरकत नाही हो. पण मग तुम्ही माझ्या पेशंट झालात. आणि पेशंटच्या प्रेमात पडायचं नसतं, आमच्यात नियमच आहे तो. आणि मी तर... केव्हाच पडलोय." त्याच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. "तुमचा दात मला आहे तसाही चालेल. पण हसताना तो हात... तो मध्ये येतो."

 मी मनातल्या मनात आभार मानत होते, झिजलेल्या दातांचे, हट्टी बोल्टचे, मला हे काम शिकवणाऱ्या मामाचे. आणि समोर भिजत उभ्या असलेल्या या माणसाचे, ज्याने मला 'नाही' म्हटलं.

"मग दुसरं कुणीतरी चांगलं सांग," मी म्हणाले.

'सांगा'चा काना कुठे गळून पडला, माझं मलाच कळलं नाही. त्याला मात्र बरोबर कळलं. तो गोड, वेड्यासारखा हसला.

"आमच्या एक मॅडम आहेत. हात हलका आहे त्यांचा. पण पहिल्यांदा भीती वाटते सगळ्यांनाच..." तो जरा थांबला. "मी येऊ सोबत?"

"ये," मी म्हणाले.