हरणीच्या दातावरची रेघ

सन चौतीसच्या मार्गशीर्षातली गोष्ट. सारंगखेड्याच्या दत्ताची यात्रा चार दिवसांवर आली होती. दोंडाईच्याला आगगाडीतून उतरलेला एक तरुण बैलगाडीत औषधांची पेटी घालून तापीच्या उताराशी आला, आणि समोरचं दृश्य पाहून त्यानं गाडीतून उडीच मारली.

काठावर एक तांबूस घोडी उभी होती. तिच्या शेजारी अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी, आणि त्या मुलीचा उजवा हात कोपरापर्यंत घोडीच्या तोंडात!

"ओ बाई! हात बाहेर काढा आधी!"

मुलीनं मान वळवली. हात मात्र होता तिथंच.

"का बरं?"

"का म्हणून काय विचारता? चावली तर मनगट जाईल!"

"हाई माले चावाव नही," ती म्हणाली, "दोन दिनफाईन चारा खास नही ती. चावस नि गोळा करीसन थुकी देस. मी दखी ऱ्हायनू, तोंडमा काय टोची ऱ्हायनं ते. पन तुमी कोन?"

"मी जनावरांचा डॉक्टर. यात्रेतल्या दवाखान्याच्या तंबूवर निघालोय."

"ढोर डाक्टर?" तिनं त्याला धुळीनं माखलेल्या बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "मंग तुमनं काय काम? हाई घोडी शे. ढोर नही."

मागं वाळूत बसलेली म्हातारी कौसाबाई, म्हणजे त्या घरातली जुनी कामवाली, तोंडाला पदर लावून हसली. डॉक्टरचे कान लाल झाले. तरी तो पुढं झाला, त्यानं घोडीच्या कपाळावर थोपटलं, ओठांच्या फटीतून दोन बोटं घालून अलगद तिची जीभ एका बाजूला ओढून धरली.

"अशी जीभ धरायची. मग ती चावत नाही. चावली तर स्वतःचीच जीभ सापडेल ना! आता बघा आत. दाढांना धार आलीये. गालाला जखम झालीय. कानस फिरवली की खाईल पोटभर."

मुलगी वाकून बघत होती. दोघांची डोकी जवळ आली होती, हे दोघांच्याही उशिराच ध्यानात आलं. मग दोघंही एकदमच मागं सरले, आणि घोडीनं सुटलेली जीभ आत घेऊन दोघांच्याही अंगावर फुरफुरून पाणी उडवलं.

मुलीचं नाव कोकिळा. घोडीचं नाव हरणी. डॉक्टर नवापूरकडचा, शमुवेल नावाचा. घरी मावची ही आदिवासी बोली बोलणारा डोंगरातला ख्रिस्ती पोरगा. मिशनच्या शाळेत शिकला, मुंबईला जाऊन जनावरांची डॉक्टरी शिकला, आणि साहेबासारखी टोपी घालू लागला तरी लाजायचं काही विसरला नव्हता.

दाढा घासायला तो दुसऱ्या दिवशी कोकिळेच्या गावी, तिच्या घरी आला. ते काम एका दिवसाचं. पण तो तिसऱ्या दिवशी जखम पाहायला आला आणि चौथ्या दिवशी, "चारा नीट जातोय ना?" म्हणून आला. कौसाबाईनं भाकरी थापता थापता शेरा मारलाच, "घोडीनं दुखनं बरं व्हयनं माय, आते डाक्टरनं वाढनं!"

खरंच वाढलं होतं. गोठ्यात हरणीचं तोंड उघडायचं आणि दोघांनी आत बघत बोलायचं, असा त्यांचा परिपाठ पडला. घोडीच्या तोंडात बघताना एकमेकांकडे बघावं लागत नाही, ही त्यातली मोठीच सोय होती.

"तुमले सगळासनं वय दातवरथीन कळस?" कोकिळेनं विचारलं.

"घोड्यांचं कळतं."

"नि मानूसनं?"

"माणसं तोंड उघडून उभी राहत नाहीत… तुम्ही हसलात तर प्रयत्न करून बघेन."

ती हसली नाही. ओठ घट्ट मिटून, गाल फुगवून उभी राहिली, आणि तोच हसला. मग त्यानं तिला हरणीचा वरचा कडेचा दात दाखवला. "इथं दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक तपकिरी रेघ उगवते. दरसाल थोडी थोडी खाली उतरते. पंधराव्या वर्षी बरोबर अर्ध्या दातापर्यंत येते. हरणीला अजून ती उगवलेलीच नाही. नऊ वर्षांची आहे ही."

"बरोबर. नऊच शे," कोकिळा म्हणाली, आणि तिचा आवाज एकाएकी खाली गेला. "मन्हा भाऊनी हाई लहानी मोठी करेल शे. रायसिंगभाऊनी. दोन वरीस व्हयनात… तापमा गया तो."

तेव्हा त्याला सारं कळलं. तिचे वडील जालमसिंग गोठ्याकडे का फिरकत नाहीत, तेही. मुलाच्या मागं राहिलेली ही घोडी त्यांना डोळ्यांसमोर नको होती. यात्रेत ती विकायची असं त्यांनी ठरवलं होतं. गुजराथेतल्या एका ठाकोराचा, पण मूळचा खानदेशातलाच कारभारी चुनीलाल घोडी पाहायला येणार होता. माघात कोकिळेचंही लग्न शिरपूरकडं ठरलेलं. म्हणजे दोन महिन्यांत दोघीही दाव्यावरून सुटणार होत्या, एक इकडं आणि एक तिकडं.

"मन्हं लगन कोनी थांबाडू शकत नही," कोकिळा म्हणाली. तिनं पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडं पाहिलं. "पन हरणी जावाले नको. भाऊनं येवढंच ऱ्हायेल शे. डाक्टर… तुमी यात्रामा सरकारी दाखला देतस ना? त्यावर पंधरा लिखा. म्हतारी घोडी कोनी लेवाव नही."

शमुवेलनं हरणीचं तोंड मिटलं. यात्रेत सगळे म्हाताऱ्या घोड्याला तरणा करायला बघतात. तरण्या घोडीला म्हातारी करा म्हणणारी ही पहिलीच. आणि दाताबद्दल तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता. डोंगरातल्या पोराला सरकारी शिक्का हाती मिळाला होता, तो त्याला त्याच्या गळ्यातल्या क्रुसाइतकाच पवित्र वाटत असे.

"हे खोटं खरं व्हायला सहा वर्षं लागतील," तो हळूच म्हणाला.

"मंग सहा वरीसनी या तपासाले."

थट्टेत बोलली ती. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यापुढं शिक्क्याचं काही चाललं नाही. प्रेमात पडलेला माणूस शहाणपण गहाण टाकतो म्हणतात. शमुवेलनं तर विकूनच टाकलं, आणि दाखल्यावर पंधरा लिहिलं.

यात्रेच्या दिवशी घोडेबाजार फुलला होता. कोकिळा कौसाबाईबरोबर बाजाराच्या कडेला छकड्यात बसली होती. जालमसिंग हरणीला घेऊन मधोमध उभे होते. या बाजारात चाळीस वर्षांत त्यांच्या घोड्याचं तोंड कोणी उघडून बघितलं नव्हतं. जालमसिंगांनी वय सांगितलं की ते झालं, अशी त्यांची पत होती.

चुनीलालनं विचारलं, "वय?"

"नऊ."

चुनीलालनं दवाखान्याच्या तंबूतून स्वतःच आणलेला, जालमसिंगांनी न पाहिलेला दाखला पुन्हा वाचला. "पन सरकारी कागदवर पंधरा शे!"

त्यानं घोडीचं तोंड उघडलं. वरच्या दातावर रेघ नव्हती. मग त्याला आत दाढांवर कानशीचे ताजे ओरखडे दिसले, आणि तो बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला, "कानस फिरावेल शे! रेघ घाशी काढी यानी! म्हतारी घोडी तरनी करीसन इकी ऱ्हायना!"

छकड्यात कोकिळेनं ते ऐकलं. वय वाढवून लिहिलं की घोडी घरी राहील, एवढंच तिनं पाहिलं होतं. वडिलांच्या शब्दाचं काय होईल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आणि डॉक्टरच्या मनात यायला हवं होतं, पण तो तेव्हा तिच्या डोळ्यांकडं बघत होता.

माणसं जमली. जालमसिंग मान खाली घालून उभे राहिले. त्यांचा हात हरणीच्या मानेवर होता. पोरगा गेला तेव्हाही हा माणूस लोकांपुढं असा उभा राहिला नव्हता.

उठावं, ओरडून सांगावं, मी लिहायला लावलं म्हणून… कोकिळा उठलीही. कौसाबाईनं तिचं मनगट धरलं. "बठ खाले. घरनी अब्रू जाई." आणि कोकिळा बसली. पुढं जन्मभर तिला छळत राहिलं ते हेच, की आपण बसलो.

तेवढ्यात गर्दी सारत शमुवेल आला. डोक्यावर टोपी नव्हती. मागून त्याचे वरचे साहेबही येत होते.

"कानस मी फिरवली," तो म्हणाला. "दाढांच्या जखमेसाठी. घोडी नऊचीच आहे. जालमसिंगबापू खरं बोलले. दाखला चुकीचा आहे."

"चुकीना? सरकारी दाखला चुकीना कसा व्हई?" चुनीलालनं दटावलं. "कोनी लिखाले लाया?"

शमुवेलनं छकड्याकडं पाहिलं नाही. नेमकं तिकडंच पाहिलं नाही, हे फक्त दोन माणसांच्या लक्षात आलं.

"कोणी नाही. मला… मला घोड्याचे दात वाचता येत नाहीत."

सगळा बाजार हसला. घोड्याचे दात न वाचता येणारा घोड्यांचा डॉक्टर! पोरंठोरं त्याच्यामागं तोंड वासून, दात दाखवत नाचू लागली. साहेबांनी त्याच्या हातून शिक्का काढून घेतला. तो पेटी उचलून निघाला, तेव्हा बाजारातल्या घोड्यांखेरीज त्याला कोणी वाट दिली नाही.

चुनीलाल ओशाळला. "मंग नऊनी घोडी मी लेस," म्हणाला. जालमसिंगांनी लगाम गुंडाळला. "ज्यानी मन्हा शबदवर थुका, त्याले मन्ही घोडी भेटाव नही," एवढंच म्हणाले आणि हरणीला घेऊन चालू लागले.

घरी पोचल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं हरणीला गोठ्यात बांधलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. कोकिळा दारात उभी होती. काय सांगावं, कुठून सुरू करावं…

"बापू…"

"तो म्हनस, त्याले दात वाचता येतस नही," जालमसिंग तिच्याकडं न बघता म्हणाले. "मी दूरथीन त्यानं काम दखेल शे. दात त्याले वाचता येतस, पोरी. खोटं मातर बोलता येस नही." ते थोडा वेळ हरणीची आयाळ विंचरत राहिले. "मी काही इचारस नही. तू बी काही सांगू नको. लगनमा हाई घोडी तुन्हासंगे जाई."

कोकिळा हरणीच्या मानेत तोंड खुपसून रडली. घोडी वाचली होती. घोडी वाचवणारा गेला होता, सगळ्यांचं हसू अंगावर घेऊन, आणि त्याला नुसतं "थांबा" म्हणायचासुद्धा तिला अधिकार नव्हता. राजपुताची लेक आणि डोंगरातला ख्रिस्ती. त्या काळी असलं काही कोणाच्या तोंडून निघायचं नाही, मनात आलं तरी मनातच विझवायचं.

माघात तिचं लग्न झालं. नवरा भला माणूस निघाला, खोटं का बोला! दुसऱ्या वर्षी तिनं हरणीचं तोंड उघडलं. जीभ एका बाजूला धरली, अगदी शिकवल्याप्रमाणं. कडेच्या दातावर, हिरडीपाशी, तपकिरी ठिपका होता. मग दरसाल दत्ताच्या पौर्णिमेला ती बघू लागली. ठिपक्याची रेघ झाली. रेघ उतरत राहिली. मधल्या काळात तिला एक मुलगा झाला, जालमसिंग वारले, आणि कोणाकडून तरी कळलं की त्या डॉक्टरची नोकरी केव्हाच गेली.

सहाव्या वर्षी तिनं नवऱ्याला सांगितलं, "हरणीना दात दखाडना शेतस. सारंगखेडाले जाऊत."

यात्रेत दवाखान्याचा तंबू होता, तिथं दुसराच डॉक्टर होता. नवरा पोराला घेऊन बैलांच्या बाजाराकडं गेला. कोकिळा घोडी घेऊन फिरत फिरत नदीच्या अंगाला आली. तिथं एका बाभळीखाली डोंगरातली माणसं शेळ्या, कुत्री घेऊन रांगेनं बसली होती. एकाच्या कुत्र्याच्या पायाला कोणीतरी पट्टी बांधत होतं. टोपी नव्हती. कानशिलावर पांढरे केस होते. बोटं मात्र तीच.

हरणीनं त्याला आधी ओळखलं. फुरफुरून पाणी उडवलं.

शमुवेल उठला. त्यानं घोडीच्या कपाळावर थोपटलं, जीभ धरली, आत पाहिलं. कोकिळाही वाकली. दोघांची डोकी जवळ आली. या वेळी मागं कोणीच सरलं नाही.

"अर्ध्यावर आलीय," तो म्हणाला. "पंधरा."

"म्हंजे तुमी खोटं नही बोलनात…"

"सहा वर्षं लवकर बोललो, एवढंच."

तिला हसू आलं, आणि हसता हसता रडूही. "मी त्या दिन बठी ऱ्हायनू, डाक्टर. माले उठनं व्हतं. तुमले सगळा हसनात नि मी बठी ऱ्हायनू."

"तुम्ही उठला असतात तर माझं एवढं मोठं खोटं वाया गेलं असतं." त्यानं घोडीची जीभ हळूच सोडली. "आयुष्यात मी दोनदाच खोटं बोललो. एक दाखल्यावर, एक बाजारात. दोन्ही तुमच्यासाठी. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते… जे खरं होतं ते एकदाही बोललो नाही त्याचं."

"मंग आते बोला."

तो बराच वेळ तिच्याकडं पाहत राहिला. सहा वर्षांचं एकदम पाहून घेत असावा.

"माझा तुमच्यावर जीव होता, कोकिळाबाई. पहिल्या दिवसापासून. अजून आहे."

"मन्हा बी," ती म्हणाली. तिला वाटलं होतं तसं आभाळ काही कोसळलं नाही. "मन्हा बी व्हता… शे."

लांबून नवऱ्याची हाक आली. त्याच्या कडेवरच्या पोरानं "माय!" म्हणून हात हलवला. शमुवेलनं मान खाली घातली आणि पुन्हा कुत्र्याच्या पट्टीकडं वळला. तिनं लगाम धरला. "परत यशात?" असं तिनं विचारलं नाही. आता तपासायचं काही उरलं नव्हतं.

हरणी पुढं चार वर्षं जगली. दरसाल दत्ताच्या पौर्णिमेला कोकिळा एकटीच गोठ्यात जायची, आणि तिच्या तोंडात हात घालून, जीभबिभ काही न धरता, त्या रेघेवर अंगठा ठेवून उभी राहायची. हात बाहेर काढा म्हणून ओरडायला तिथं कोणी नव्हतं.