डेन्मार्कसाठी सोडलेली जागा

"बाईंचा आवाज मधासारखा आहे, पण पोट वाजतंय. डेन्मार्कच्या लोकांना वाटेल, इंग्रजी बोलताना मधेमधे गुरगुरायचं असतं."

कुरकुर अगदी कानातच झाली. काचेपलीकडच्या माणसाचा माइक चालू राहिला होता आणि हेडफोन रोझलिनच्या डोक्यावर होते. तिने मान वर केली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माइकच्या बटणाकडे, आणि मग कुठे बघावं ते न सुचून छताकडे.

"सकाळी खाऊन आले नाही," ती म्हणाली. "आणखी काही तक्रार?"

थोड्या वेळाने दार ढकलून तो आत आला. हातात वाळक्या पानात बांधलेली सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी. "आईने पाठवलीत. वसईहून."

"वसईत कुठे?"

"निर्मळ."

"मी भुईगावची." तिने एक सुकेळं उलटंसुलटं करून पाहिलं. "आमच्याकडे याहून बरी होतात."

"मग परत द्या."

तिने दिली नाहीत.

त्याचं नाव लॉयड. इथे आखातात, अल मनखूलमधल्या एका जुन्या इमारतीत कमरुद्दीनभाईंचा छोटासा स्टुडिओ होता, तिथे तो रेकॉर्डिंग करायचा. कोपनहेगनच्या एका कंपनीला इंग्रजी शिकवणारं ॲप काढायचं होतं. 'गिव्ह अप', 'पुट ऑफ', 'लुक आफ्टर' अशी, मागे चिमुकलं शेपूट असलेली क्रियापदं. डॅनिश भाषेतही अशी शेपटं असतात म्हणे; पण त्यांची शेपटं इंग्रजीला लावली की गडबड होते. म्हणून रोझलिन इंग्रजी वाक्य वाचायची आणि मग चार-पाच सेकंद जागा सोडायची... तिकडच्या माणसाने ते वाक्य म्हणून बघावं म्हणून. डॅनिश अर्थ नंतर जोडले जायचे.

त्या जागेत हलायचं नाही. खुर्ची कुरकुरते. एसीसुद्धा बंद, कारण त्याची घरघर आत येते. बाहेर ऑगस्ट, आत भट्टी. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत उतरायचा आणि तो पुसायचा नाही. काचेपलीकडे लॉयड एक बोट वर धरून बसायचा. बोट खाली आलं की पुढचं वाक्य. तोवर बघायला दुसरं काही नसायचं... फक्त एकमेकांचे डोळे.

"ही शांतता नंतर नाही का टाकता येत?" तिने एकदा विचारलं.

"छे. खोलीची शांतता दर वेळी वेगळी असते," तो गंभीरपणे म्हणाला.

शेजारच्या मशिदीतली अजान सुरू झाली की काम थांबायचं. ती संपली की कमरुद्दीनभाई खालून करक, म्हणजे इकडचा दाट दुधाचा चहा, मागवायचे. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, दोघांनाही कळलं नाही.

"डेन्मार्कमध्ये कितीजण तुझ्यामागून बोलत असतील," लॉयड म्हणायचा.

"आणि तू?"

"मला गप्प बसायचा पगार आहे."

मग कोपनहेगनहून मेल आला. हातातला भाग संपला की उरलेलं काम मशीनच्या आवाजात होणार होतं. कमरुद्दीनभाई फक्त "खलास" म्हणाले आणि हिशेबाला लागले. स्टुडिओ बंद होणार हे सगळ्यांना दिसत होतं. लॉयडने वसईचं तिकीट काढलं... म्हणजे मुंबईचं. अबू धाबीच्या एका हॉटेलने त्याला साउंडच्या कामाला बोलावलं होतं. त्या मेलला त्याने उत्तर दिलं नव्हतं.

"उसकी मर्जी, भाई. मी कोण सांगणार," कमरुद्दीनभाई म्हणाले.

"त्याला कळत नाही का?" रोझलिनची बहीण पामेला भांडी घासता घासता म्हणाली. "बाईमाणसाने कशाला तोंड उघडायचं?"

रोझलिननेही उघडलं नाही. "पोचल्यावर सुकेळी पाठव," एवढंच ती लॉयडला म्हणाली.

"तुमच्याकडे बरी होतात ना?"

"होतात."

शेवटच्या दिवशी ती आली तेव्हा आवाज दाबायला भिंतीवर लावलेली गोधडी अर्धी उतरवलेली होती. लॉयड वायरी गुंडाळत होता. कमरुद्दीनभाई तिच्याजवळ येऊन पुटपुटले, "ती शांतता दर वेळी नव्याने रेकॉर्ड कर, असं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं हां. एकदा रेकॉर्ड केली की सगळीकडे चिकटवता येते. रोजच्या रोज बोट वर धरून बसायचा, आणि विजेचं बिल वाचतंय म्हणून मी पण गप्प."

रोझलिन आत जाऊन बसली, हेडफोन चढवले. एसी बंद झाला.

शेवटचं क्रियापद होतं 'वेअर आउट'. म्हणजे झिजणं. तिने वाचलं, "माय शूज हॅव वोर्न आउट." आवाज अगदी सरळ, कंपनीला हवा तसा.

लॉयडने बोट वर केलं.

जागा सुरू झाली. घाम भुवईवर आला. काचेपलीकडचे डोळे लाल झाले होते, आणि ते आज पहिल्यांदाच खाली गेले. बोट मात्र तसंच वर. पाच सेकंद कधीच सरले असतील. डेन्मार्कातला माणूस वाक्य म्हणून मोकळाही झाला असेल. बोट खाली येईना.

खुर्ची कुरकुरली. रोझलिन माइकजवळ वाकली.

"लॉयड, जाऊ नकोस," ती म्हणाली. "मला तू हवा आहेस."