जशी नेलीस तशी

पटो न पटो, हे खरं घडलंय. माझ्या मावसबहिणीच्या, वेदिकाच्या बाबतीत.

यंदाचा जानेवारी. पेठच्या बाजूला डोंगरात कोरलेली जुनी लेणी आहेत, तिथे. तेही भरदुपारी.

सोबत योगिनी. नाशिक रोडला एकाच कॉलनीत वाढलेल्या दोघी. योगिनीचं लग्न महिन्यावर आलेलं, त्यामुळे तिची आई सोडायला तयार नव्हती. वेदिकाने फारच गळ घातली तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "जशी नेतेस तशी आणून दे."

चढभर योगिनीची टकळी चालू. वेदे, हे बघ. वेदे, थांब ना. वेदिकाला 'वेदे' म्हणणारी जगात ती एकटीच.

वर चिटपाखरू नव्हतं. फोटो काढायला योगिनी आतल्या खोलीत शिरली...

आणि बडबड थांबली.

वेदिकाने हाक मारली. ओ नाही.

तेवढ्यात योगिनी बाहेर आली... पण शेजारच्या खोलीतून.

दोन्ही खोल्यांच्या मध्ये अखंड कातळ होता.

"चल," ती म्हणाली. बाकी काही नाही.

उतरताना ती पुढे, मुकाट. दमली असेल, वेदिकाने मनाची समजूत घातली.

अर्ध्या वाटेवर मागून, वरून हाक आली...

"वेदे..."

पुढे चालणारी योगिनी थांबलीसुद्धा नाही.

रानात मागून हाक आली तर वळायचं नाही, हे आपल्याला लहानपणापासून बजावलेलं. वेदिकाने देवाचं नाव घेतलं आणि पाय उचलला. हाका येतच राहिल्या. शेवटी शेवटी तर त्या आवाजाला रडू फुटलं होतं.

पायथ्याशी चिमणाबाईची चहाची टपरी आहे. म्हातारीने दोघींना चहा दिला आणि डोंगराकडे बघत विचारलं, "वर कोण राहिली गं तुमची? लय रडत व्हती."

योगिनी शांतपणे चहा फुंकत होती.

संध्याकाळी काकूंनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. "आणलीस बाई नीट," म्हणाल्या. वेदिकाने मान डोलावली. दुसरं काय करणार होती?

लग्न झालं. सून फार शांत आहे, म्हणून सासरचे खूश आहेत. फोनवर ती आता 'वेदिका' म्हणते.

भास असेल, असं मी वेदिकाला हजारदा सांगितलं. परवा ती हळूच म्हणाली,

"तिची पाण्याची बाटली माझ्याच सॅकमध्ये राहिली होती रे..."