माझी खिडकी

"वहिनी! माझ्या गाडीच्या जागेत हे मशीन? सातव्या मजल्यावर सोन्यासारखं घर दिलं, आणि तू इथे टायरांच्या वासात बसून लोकांचे कपडे शिवतेस?... काय म्हणतील मला!"

वहिनीच्या हातातली सुई थबकली. आईवेगळ्या या दिराला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं, रस्त्याकडेच्या त्या बैठ्या घराच्या खिडकीत शिवणाचं मशीन मांडून! जाणारा-येणारा खिडकीतून फाटका सदरा आत टाकी, लेकींची खुशाली सांगे, सुखदुःखाचे दोन शब्द ठेवून जाई... पुढे दीर इमारती बांधू लागला. नवऱ्याच्या माघारी घर तिच्या नावावर होतं, ते पाडून सात मजले उभारायचे म्हणाला, तेव्हा सही करताना तिने एवढंच मागितलं, "भावोजी, माझी खिडकी तेवढी द्या हो."

आणि त्याने दिली! अख्ख्या भिंतीएवढी... सातव्या मजल्यावर. तिथून माणसं मुंग्यांएवढी दिसत. मुंग्यांना हाक कशी मारायची? तळमजला सगळा गाड्यांचा, रस्त्याकडे नुसती आंधळी भिंत. पण एवढ्या मायेने दिलेल्याला नावं कशी ठेवायची? तो एकांत देवाचा प्रसाद समजून त्या माउलीने मुकाट्याने गिळला होता.

"चुकलंच माझं," मशीन झाकत ती म्हणाली. "तुमची गाडी यायच्या आत रोज आवरते मी. आज पलीकडच्या मास्तरीणबाई बोलत बसल्या..."

"पण वर काय कमी आहे गं? खिडकी तूच मागितलीस ना!"

"मागितली हो... पण भावोजी, बघायला नव्हती मागितली. कुणाचा तरी हात आत यावा म्हणून मागितली होती!"

त्याच्या डोळ्यांपुढे ती जुनी खिडकी उभी राहिली... शाळेतून येताना तो तिच्यातूनच दप्तर आत फेकी, आणि आतून एक हात येऊन गालावरून फिरे! तो मटकन तिच्या पायाशी बसला.

"वहिनी... एवढ्या इमारती बांधल्या गं, आणि मला खिडकीच कळली नाही!"

आठवड्याभरात ती भिंत फुटली. गाडी त्याने विकून टाकली. कचेरी तशी चालत जाण्यासारखीच होती. "बरं झालं, पोट तरी उतरेल!" त्याच्या बायकोने टोला हाणलाच.

नव्या खिडकीत देवाचं नाव घेऊन वहिनी बसते न बसते, तोच एक सदरा मांडीवर येऊन पडला. नवाकोरा, धडधाकट... वरचं बटण मात्र मुद्दाम तोडलेलं! सदरा टाकणारा हात अजून आतच होता.

वहिनीने तो धरला, आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही...