आरसे काढलेली गाडी

"जया, बघ! गाडीचे दोन्ही आरसे गायब!"

सुट्टी लागल्यापासून सना आणि तिची मैत्रीण जयमाला मोशीतल्या अब्बूंच्या गॅरेजमध्ये कॅरम खेळत बसायच्या. आज कॅरम तसाच राहिला. अब्बूंच्या मोटारसायकलचे आरसे सनाच्या भावाने, झिशाननेच काढले होते. नंबर प्लेटवर चिकटपट्टीसुद्धा लावली होती. दहावीतला मुलगा, लायसन्सचा पत्ता नाही आणि थाट बघा!

"चोरीबिरी करतोय का काय?" जयमालाचे डोळे चमकले.

तेवढ्यात बाहेरून तौसिफमामूंचा आवाज आला. मामूंचं मोबाईलचं दुकान होतं आणि अक्कलही बहुतेक तिथेच ठेवलेली असायची!

"दुपारी नव्या रस्त्यावर ये, झिशान! गाडी एका चाकावर उचल, मी व्हिडिओ काढतो. तुझे सगळे दोस्त येतायत. घाबरतोस काय? तुझ्या अब्बूंनी तुझ्या वयात हात सोडून चालवलीये!"

हात सोडून गाडी चालवतानाचा अब्बूंचा फोटो गॅरेजच्या भिंतीवर होताच.

त्या रस्त्यावर बांधकामाचे डंपर कुठूनही घुसायचे. अब्बू सामान आणायला चाकणला गेले होते आणि फोन उचलत नव्हते. दोघींनी सायकली काढल्या.

रस्त्यावर पोरांची गर्दी जमली होती. "मामू, माझाबी व्हिडिओ काढा की! मला झ्याक नाचता येतंय!" म्हणत जयमाला मधे घुसली आणि नाचायला लागली. इतकं वाईट नाचली, की सगळे तिच्याकडेच बघून हसत सुटले! तेवढ्यात सनाने वाकून गाडीच्या प्लगची कॅप उपटली. आता इंजिनात ठिणगीच पडणार नव्हती.

झिशानने किक मारली. पुन्हा मारली. गाडी ढिम्म!

"पेट्रोल संपलं असेल," मामू म्हणाले. मोबाईलवाल्याला दुसरं काय सुचणार!

इतक्यात वळणावरून खडीने भरलेला डंपर धडधडत आला आणि रस्त्याच्या मधोमध निघून गेला. गाडी सुरू झाली असती, तर झिशान तिथेच असता! मामूंनी मोबाईल खिशात टाकला. सनाला तर रडूच फुटलं.

चाकणहून आल्यावर अब्बूंना सगळं कळलं. ते मामूंना असं काही बोलले, की मामू चहा न घेताच निघाले. मग अब्बूंनी दोघींच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास पोरींनो! आज माझं घर वाचवलंत."

"म्या कुठं काय केलं, काका? नुस्ती नाचले!" जयमाला लाजली.

अब्बू झिशानकडे वळले. "आणि तू? मेकॅनिकचा मुलगा ना? कॅप निघालीये, एवढंही कळलं नाही?"

"पहिल्याच किकला कळलं होतं, अब्बू." झिशान म्हणाला. "पण सगळे बघत होते. नको म्हणायला जमतच नव्हतं. गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर इतकं बरं वाटलं मला!"

अब्बूंनी स्टूल ओढून भिंतीवरचा तो फोटो उतरवला.

"चल, आरसे आण," ते म्हणाले. "दोघं मिळून बसवू."